मुल्वाड व्हीपीएन: नाव नाही, ईमेल नाही आणि भारतात सर्व्हरही नाही

मुल्वाड ही व्हीपीएन सेवा, म्हणजे तुमची इंटरनेटची वाहतूक कुलूपबंद करून आपल्या सर्व्हरमार्फत नेणारी. तिच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं बटण दाबलं की पडद्यावर सोळा आकडे येतात, डेबिट कार्डावर असतात तसे चार-चारच्या गटात. झालं, खातं उघडलं. नाव, ईमेल, मोबाइल नंबर, ओटीपी, काही म्हणजे काही विचारलं जात नाही. पासवर्डही नसतो, कारण ते सोळा आकडे हेच खातं आणि हीच किल्ली. ज्याच्या हाती ते पडले तो तुमच्या खात्यात शिरला. ते हरवले तर 'पासवर्ड विसरलात?' असा दुवा शोधत बसू नका, तो नाहीच. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. स्क्रीनशॉट काढू नका, बॅकअप चालू असेल तर तो गपचूप गूगल फोटोजवर जाऊन बसू शकतो आणि मग एवढा खटाटोप कशासाठी केला हा प्रश्न उरतो.

कंपनी स्वीडनच्या गॉथेनबर्ग शहरातली, २००९ पासूनची. स्वीडिश भाषेत मुल्वाड म्हणजे जमिनीखाली बोगदे खणणारा मोल हा छोटा प्राणी, म्हणून बोधचिन्हात डोक्यावर बांधकामावरची टोपी घातलेला मोल आहे. मालकी दोन संस्थापकांकडेच आहे, बाहेरचा गुंतवणूकदार नाही. दर महिन्याला ५ युरो. एक महिन्याचे घ्या नाहीतर वर्षाचे, दर तोच. 'दोन वर्षांचं घ्या, ८० टक्के सूट, ऑफर संपायला ११ मिनिटं' हा बाजार इथे नाही. आणि हा दर सुरुवातीपासून बदललेला नाही.

व्हीपीएन पारखताना लोक आधी वेग बघतात, मग देशांची संख्या मोजतात. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: या कंपनीला माझ्याबद्दल काय काय कळतं, आणि उद्या कुणी तिच्या दारात आलं तर ती काय काढून देऊ शकते?

हा प्रश्न का, ते नीट समजून घेऊ. घरच्या ब्रॉडबँडवर किंवा मोबाइल डेटावर तुम्ही एखादं संकेतस्थळ उघडता तेव्हा पानावरचा मजकूर, भरलेला पासवर्ड, बँकेतली शिल्लक हे इंटरनेट पुरवणाऱ्याला दिसत नाही. ते काम एचटीटीपीएस करतं आणि आज जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळावर ते असतं. दिसतं ते एवढं: कोणत्या संकेतस्थळावर गेलात, किती वाजता, किती वेळ, किती डेटा आला-गेला. डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधण्याची, विचारणा बहुतेक वेळा उघडीच जाते, आणि जोडणी सुरू होताना पहिल्याच निरोपात संकेतस्थळाचं नाव सहसा उघड्यावर असतं. व्हीपीएन सुरू केलं की पुरवठादाराला फक्त एकाच परदेशी सर्व्हरशी चाललेली बंद वाहतूक दिसते. पण ती सगळी यादी आता व्हीपीएनवाल्याला दिसू शकते. म्हणजे पहारेकरी बदलला, इतकंच.

नवा पहारेकरी कसा असू शकतो याचं उदाहरण ओनावो. फेसबुकनं २०१३ मध्ये ही कंपनी विकत घेतली. तिचं 'संरक्षण देणारं' फुकट व्हीपीएन अ‍ॅप लोकांनी विश्वासानं टाकलं, आणि कोण कोणतं अ‍ॅप किती वेळ वापरतो ही माहिती त्यातून फेसबुकला मिळत राहिली. अ‍ॅपलनं २०१८ मध्ये ते आपल्या दुकानातून काढायला लावलं, २०१९ मध्ये ते बंदच झालं, आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयानं मेटाच्या, म्हणजे फेसबुकच्याच, दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते हे.

मुल्वाडच्या बाबतीत या प्रश्नाची परीक्षा खरोखर झालेली आहे. १८ एप्रिल २०२३ ला स्वीडिश पोलिसांच्या राष्ट्रीय विभागाचे किमान सहा अधिकारी झडतीचं वॉरंट घेऊन गॉथेनबर्गच्या कार्यालयात आले. ग्राहकांची माहिती असलेले संगणक जप्त करायचे होते. अशी माहिती आम्ही ठेवतच नाही, हे कंपनीनं दाखवून दिलं आणि अधिकारी रिकाम्या हातानं परतले. त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत त्यांचे सगळे व्हीपीएन सर्व्हर डिस्कशिवाय, फक्त रॅमवर चालणारे झाले. वीज गेली की त्यात काही उरत नाही. त्याआधी २०२२ मध्ये त्यांनी दर महिन्याला आपोआप पैसे कापण्याची सोयच काढून टाकली, कारण ती चालवायची तर कोणत्या खात्याचे पैसे कोणाकडून येतात ही नोंद कायम सांभाळावी लागते. ग्राहकाची सोय कमी झाली तरी चालेल पण नोंद नको, असा निर्णय घेणारी कंपनी या धंद्यात विरळा.

भारतातला कायदा

भारतात व्हीपीएन वापरणं बेकायदा नाही. काही वेळा ठरावीक ठिकाणी, मुख्यतः जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत, प्रशासनानं काही काळापुरती बंदी घातली आहे, तेवढं लक्षात ठेवा. व्हीपीएनच्या आडून केलेला गुन्हा हा गुन्हाच राहतो, हेही सांगायला नको.

खरा फरक पडला तो सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी. त्यानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, संपर्क, दिलेले आयपी (इंटरनेटवरचे आकडी पत्ते), नोंदणीच्या वेळचा आयपी आणि वेळ, एवढंच काय पण सेवा कशासाठी घेतली तेसुद्धा नोंदवून, ग्राहक सोडून गेल्यावरही ५ वर्षं जपायचं आहे. कंपन्यांचे कर्मचाऱ्यांसाठीचे अंतर्गत व्हीपीएन यातून वगळले आहेत. अंमलबजावणी सप्टेंबर २०२२ पर्यंत पुढे ढकलली गेली, पण तोवर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन आणि प्रोटॉन यांनी भारतातले सर्व्हर हलवले होते. मुल्वाडच्या यादीत भारत नाही. सोळा आकड्यांवर चालणाऱ्या सेवेला असे नियम पाळणं शक्यच नाही, त्यामुळे इथे सर्व्हर येण्याची वाट बघू नका.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की मुल्वाड लावलं की तुम्ही इंटरनेटच्या दृष्टीनं परदेशात गेलात. पुढच्या निम्म्या तक्रारी इथूनच उगवतात.

पैसे कसे भरायचे

यूपीआय आणि रुपे थेट चालत नाहीत. व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागतं, आणि त्यावर परदेशी व्यवहार सुरू केलेला असावा लागतो. २०२० पासूनच्या नियमानुसार नवीन कार्डावर तो मुळात बंदच असतो, त्यामुळे पहिला प्रयत्न हमखास फसतो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये 'इंटरनॅशनल' आणि त्याखालचं 'ऑनलाइन' ही दोन्ही बटणं चालू करा, मर्यादा हजारभर ठेवा, पैसे भरून झाले की परत बंद करा. ५ युरोवर बँक साधारण २ ते ३.५ टक्के परकीय चलनाचा अधिभार आणि त्यावर जीएसटी लावते. म्हणजे महिना पाचशेच्या थोडं वर पडतो.

इथे एक विसंगती आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. खातं निनावी, पण कार्ड तुमच्या नावाचं. बँकेच्या विवरणात ही खरेदी स्वच्छ दिसते. ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं होतं. तरी यातून कळतं एवढंच की तुम्ही व्हीपीएन घेतलं. त्यातून कुठे गेलात ते नाही. बहुतेकांना तेवढं पुरेसं आहे. क्रिप्टोनं भरलं तर १० टक्के सूट मिळते, पण आपल्याकडे त्यावरचा ३० टक्के कर, १ टक्का टीडीएस आणि त्याचा हिशेब बघता पन्नास रुपये वाचवण्यासाठी त्या फंदात पडू नये. युरोपातले लोक चक्क नोटा पाकिटात घालून पोस्टानं पाठवतात. भारतातून तसं करताना परकीय चलनाचे नियम आडवे येतात, ती वाट सोडून द्या. फोनवरच्या अ‍ॅपमधूनही वेळ विकत घेता येतो, फक्त मग ती खरेदी तुमच्या गूगल किंवा अ‍ॅपल खात्यावर नोंदली जाते.

एका खात्यावर पाच उपकरणं चालतात. प्रत्येकाला अ‍ॅप स्वतःच दोन इंग्रजी शब्दांचं गमतीदार नाव देतं. फोन फॉरमॅट केला किंवा अ‍ॅप काढून परत टाकलं की नवीन नाव मिळतं, आणि जुनं तसंच जागा अडवून बसतं. तीन-चारदा असं झालं की 'उपकरणं जास्त झाली' असा निरोप येतो. घाबरू नका, त्याच यादीत जुनी नावं काढून टाकता येतात. म्हणून अ‍ॅप काढण्याआधी त्यातून लॉग-आउट करायची सवय लावून घ्या.

अँड्रॉइडवर बसवताना

अ‍ॅप प्ले स्टोअरवर आहे, एफ-ड्रॉइड या मुक्त स्रोत अ‍ॅपच्या दुकानातही आहे. टाकलं, सोळा आकडे भरले, देश निवडला, 'कनेक्ट' दाबलं. पहिल्यांदा अँड्रॉइड विचारतं की या अ‍ॅपला व्हीपीएन जोडू द्यायचं का, हो म्हणा. वर पट्टीत किल्लीचं चिन्ह दिसायला लागतं. सिंगापूर निवडा, ते आपल्याला जवळ पडतं.

मग लगेच तपासून बघा. ब्राउझरमध्ये मुल्वाडचं 'अ‍ॅम आय मुल्वाड' हे तपासणीचं पान उघडा. तिथे तीन गोष्टी दिसतात: जोडणी मुल्वाडमधून होते आहे का, डीएनएस बाहेर गळतंय का, आणि वेबआरटीसीतून (ब्राउझरमधून व्हिडिओ कॉल करण्याची सोय) खरा आयपी दिसतोय का. तिन्ही हिरव्या हव्यात. डीएनएसची ओळ लाल दिसली तर नव्वद टक्के वेळा कारण एकच: फोनच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये कधीतरी कुठल्यातरी व्हिडिओचं बघून दुसऱ्या कुणाचा पत्ता भरून ठेवलेला असतो. तो 'ऑटोमॅटिक'वर आणा. तो तसाच राहिला तर मुल्वाडच्या जाहिराती आणि ट्रॅकर अडवण्याच्या सोयी अ‍ॅपमध्ये चालू दिसतात, पण काम करत नाहीत.

आता महत्त्वाचं. फोनच्या सेटिंगमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', त्यात 'व्हीपीएन', तिथे मुल्वाडसमोरचं दातेरी चाक. आत दोन बटणं आहेत: 'ऑलवेज-ऑन व्हीपीएन' आणि 'ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन'. पहिलं चालू केलं की फोन सुरू होताच व्हीपीएन जोडलं जातं. दुसरं चालू केलं की व्हीपीएन तुटलेलं असताना काहीच बाहेर जात नाही. जवळपास काहीच, म्हणू या. हे बटण चालू असतानाही, वाय-फायला इंटरनेट आहे का हे बघण्यासाठी अँड्रॉइड थोडी वाहतूक व्हीपीएनबाहेरून करतंच, हे ऑक्टोबर २०२२ मध्ये मुल्वाडनंच उघड केलं होतं. आपल्या अ‍ॅपला दुरुस्त करता येत नाही अशी उणीव स्वतःहून सांगणं हे आम्हाला त्यांच्या दहा जाहिरातींपेक्षा मोलाचं वाटतं. (जाहिराती ते करतात, पण कमिशन देऊन परीक्षणं लिहून घेत नाहीत. म्हणूनच 'सर्वोत्तम दहा व्हीपीएन' छापाच्या याद्यांत ते फारसे दिसत नाहीत. अशा याद्या वाचताना एवढं आठवा: एक्सप्रेसव्हीपीएनची मालक केप टेक्नॉलॉजीज हिनं २०२१ मध्ये व्हीपीएनमेंटॉर आणि विझकेस ही परीक्षणाची संकेतस्थळं चालवणारी कंपनीसुद्धा विकत घेतली.)

आता यूपीआय. परदेशी आयपी दिसला की बरीच बँकिंग आणि यूपीआय अ‍ॅप उघडत नाहीत, किंवा उघडून ऐन पैसे पाठवताना अडतात. त्यावर मुल्वाडमध्ये 'स्प्लिट टनेलिंग' आहे: सेटिंगमध्ये जाऊन बँकेचं अ‍ॅप यादीतून निवडा, तेवढं अ‍ॅप व्हीपीएन टाळून थेट जातं. छान. पण वर सांगितलेलं दुसरं बटण, 'ब्लॉक कनेक्शन्स', चालू असेल तर या वगळलेल्या अ‍ॅपना इंटरनेटच मिळत नाही. मुल्वाड त्यांना बाहेर सोडतं आणि अँड्रॉइड दारातच अडवतं. दोन्ही सोयी एकत्र नांदत नाहीत. हा अँड्रॉइडचाच नियम आहे, कोणतंही व्हीपीएन घेतलं तरी बदलत नाही. किराणा दुकानात क्यूआर समोर धरून 'नेट नाही' दिसतं ते यामुळे. रोज यूपीआय वापरणाऱ्यानं 'ऑलवेज-ऑन' चालू आणि 'ब्लॉक' बंद ठेवावं, आणि बँकेची अ‍ॅप वगळावीत.

एवढं करूनही एखादं अ‍ॅप कुरकुरतं. कारण काही बँकांची अ‍ॅप स्वतःचा रस्ता बघून थांबत नाहीत. फोनवर कुठेही व्हीपीएनची जोडणी उभी आहे का ते शोधतात आणि दिसली की नकार देतात. तिथे व्हीपीएन दोन मिनिटं बंद करण्याला पर्याय नाही. आयफोनवर तर स्प्लिट टनेलिंग नाहीच, त्यामुळे तिथे हा बंद-चालूचा खेळ रोजचा.

सरकारी संकेतस्थळांचंही तेच. सातबारा काढायचा, रेल्वेचं तिकीट काढायचं, कर भरायचा तर व्हीपीएन बंद करून बसा. यातली काही संकेतस्थळं परदेशी आयपीला उघडतच नाहीत, काही अर्ध्यात लटकतात. तत्काळ तिकिटाच्या वेळी हा प्रयोग करू नका.

वेग आणि अंतर

मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद लागणारच, कुठलीही कंपनी असो. केबल दक्षिण टोकाला वळसा घालून जाते, मध्ये यंत्रं असतात, त्यामुळे प्रत्यक्षात ६० च्या आसपास धरा. युरोपचा सर्व्हर घेतला तर १२०-१३०.

जी सेवा सिंगापुरातही हजर आहे, म्हणजे यूट्यूब, मोठी वृत्तसंकेतस्थळं, बहुतेक ई-कॉमर्स, ती तिथूनच मिळते आणि फरक जाणवत नाही. ज्याचा सर्व्हर फक्त मुंबईत आहे, त्याची विनंती मात्र मुंबईहून सिंगापूर, तिथून मुंबई, आणि उत्तर त्याच वाटेनं उलटं, अशी फिरते. जिथे ५-१० मिलिसेकंद लागायचे तिथे १२० लागतात. गेम खेळणाऱ्यांना हे चालणार नाही. सिंगापूरचा आयपी असल्यानं दुकानांचे दर तिथल्या डॉलरमध्ये दिसणं, गूगलचं 'तुम्ही यंत्रमानव आहात का' विचारणं, जीमेलचा नव्या ठिकाणाहून लॉगिन झाल्याचा इशारा, हे ओघानं आलंच.

मुल्वाडचा प्रोटोकॉल, म्हणजे व्हीपीएनचा बोगदा बांधण्याची पद्धत, आता फक्त वायरगार्ड. ओपनव्हीपीएन ही जुनी पद्धत त्यांनी जानेवारी २०२६ मध्ये पूर्ण बंद केलं, त्यामुळे फक्त ओपनव्हीपीएन जाणणारा जुना राउटर घरात असेल तर तो यापुढे निरुपयोगी. वायरगार्ड प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यावर, आयपीव्ही४ (आयपी पत्त्यांची जुनी पद्धत) वर ६० आणि आयपीव्ही६ (नवी पद्धत) वर ८० बाइट्सचं वेष्टन चढवतं. दिवसाला दीड जीबीचा प्लॅन असेल तर त्यातले साठ ते पंच्याऐंशी एमबी या वेष्टनातच जातात.

याच वेष्टनातून एक चमत्कारिक बिघाड होतो. व्हीपीएन जोडलेलं दिसतं, व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप जातात, पण काही पानं अर्धी उघडून गोल गोल फिरत राहतात, फोटो चढत नाहीत. राउटरवर किंवा लॅपटॉपवर मुल्वाडच्या संकेतस्थळावरून घेतलेली कॉन्फिगरेशन फाइल वापरणाऱ्यांना हे जास्त भेटतं. कारण साध्या बेरजेत आहे. वायरगार्डची आतल्या पॅकेटची नेहमीची मर्यादा १४२० बाइट्स. गल्लीतल्या केबलवाल्याचं ब्रॉडबँड युजरनेम-पासवर्डचं, म्हणजे पीपीपीओई असेल तर तिथली मर्यादा १५०० ऐवजी १४९२. आयपीव्ही४ वर १४२० अधिक ६०, म्हणजे १४८०, आत मावतं. आयपीव्ही६ वर १४२० अधिक ८०, म्हणजे १५००, आठ बाइट्सनं अडकतं. छोटी पॅकेटं सुटतात, मोठी मरतात. जिओच्या मोबाइल नेटवर्कचा तर पायाच आयपीव्ही६ आहे. उपाय एका ओळीचा: फाइलमध्ये एमटीयू, म्हणजे पॅकेटची ही मर्यादा, १२८० लिहा. अ‍ॅपमध्येही व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये हा आकडा बदलता येतो, १२८० ते १४२० च्या दरम्यान.

स्टेशनचं, हॉटेलचं वाय-फाय

रेल्वे स्टेशनवरच्या रेलवायरसारख्या वाय-फायला आधी ब्राउझरमध्ये नंबर आणि ओटीपी द्यावा लागतो. 'ब्लॉक कनेक्शन्स' चालू असेल तर ते लॉगिनचं पान बऱ्याचदा उघडतच नाही. आधी ते बटण बंद करा, लॉगिन करा, मग व्हीपीएन जोडा. मोबाइल नंबर तर तुम्ही देऊनच बसलात. लपतं ते फक्त पुढे कुठे गेलात ते.

काही हॉटेलं आणि कचेऱ्या यूडीपी वाहतूक, म्हणजे वायरगार्ड ज्यावर चालतं तीच, सरसकट अडवतात. तेव्हा अ‍ॅप 'कनेक्टिंग'वर अडून राहतं. सेटिंगमधल्या सेन्सॉरशिप टाळण्याच्या भागात जाऊन 'यूडीपी ओव्हर टीसीपी' निवडा. वेग कमी होईल, जोडणी होईल. काम झालं की परत 'ऑटोमॅटिक'वर आणा.

'डाइटा' नावाची एक सोय आहे. ती सगळी पॅकेटं एकाच मापाची करते आणि मधूनमधून खोटी वाहतूक सोडते, म्हणजे वाहतुकीच्या नुसत्या लयीवरून कोणतं पान उघडलं हे यंत्रालाही ओळखता येऊ नये. स्वीडनच्या कार्लस्टाड विद्यापीठासोबत बनवलेली, मे २०२४ मध्ये आलेली. कल्पना उत्तम, रोजच्या मोबाइल डेटावर मात्र ती बॅटरी आणि डेटा दोन्ही खाते. ज्यांच्या कामाला खरा धोका आहे, उदाहरणार्थ पत्रकार, त्यांनी चालू करावी. बाकीच्यांनी बंदच ठेवावी.

कुणी घेऊ नये

परदेशी नेटफ्लिक्स बघायचं म्हणून घेणार असाल तर नको. मुल्वाड त्या उंदीर-मांजराच्या खेळात उतरतच नाही, आज चाललं तर उद्या चालेलच असं नाही. टोरंट चालवणाऱ्यांनीही विचार करावा: १ जुलै २०२३ पासून पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरच्यांना तुमच्या संगणकापर्यंत येऊ देणारी वाट) बंद आहे, गैरवापर फार वाढला म्हणून. डाउनलोड होतं, पण बाहेरून तुमच्याशी कुणी जोडू शकत नाही, त्यामुळे सीडिंग, म्हणजे इतरांना फाइल देणं, रडतखडत चालतं. घरच्या सर्व्हरवर बाहेरून यायचं असेल त्यांनाही हे निरुपयोगी.

न्यू जर्सी, लंडन, सिडनीच्या मराठी माणसाला सहसा उलटं हवं असतं: भारतातला आयपी, म्हणजे इथलं ओटीटी आणि सरकारी पानं उघडावीत. ते मुल्वाडमध्ये मिळणार नाही. त्यासाठी प्रोटॉन व्हीपीएनची पैसे भरून घ्यायची योजना बघा. त्यांनी २०२२ मध्ये भारतातली यंत्रं काढली, पण देशाबाहेरच्या सर्व्हरवरून भारतीय आयपी ते देतात. प्रत्येक संकेतस्थळ त्याला फसेलच असं नाही, म्हणून आधी एकाच महिन्याचं घ्या. आखाती देशांत असाल तर मात्र सांभाळून. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या सायबर कायद्यात, गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी झाकल्यास ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आहे. तिथे बंद असलेले व्हॉट्सअ‍ॅप कॉल व्हीपीएननं सुरू करून घरी बोलणं हे सर्रास चालतं, म्हणून ते सुरक्षित आहे असं समजू नका.

महिना पाचशे जड वाटत असतील तर फुकटातलं एकच नाव आम्ही सुचवू, तेही प्रोटॉनचंच. डेटाची मर्यादा नाही, जाहिराती नाहीत, एकच उपकरण, देश आपण निवडायचा नाही. खर्च पैसे भरणाऱ्यांच्या वर्गणीतून निघतो, हे ते उघड सांगतात.  बाकी प्ले स्टोअरवरची 'फ्री, फास्ट, अनलिमिटेड' मंडळी म्हणजे आगीतून फुफाट्यात.

आणि वीजबिल थकल्याचा निरोप, लग्नपत्रिकेच्या नावानं आलेली एपीके फाइल, 'डिजिटल अरेस्ट'चा व्हिडिओ कॉल, यातलं काहीही व्हीपीएन अडवत नाही. ती फाइल तुम्ही स्वतः टाकली तर तिचा चोरलेला डेटाही त्याच कुलूपबंद बोगद्यातून सुखरूप बाहेर जाईल. गूगलमध्ये लॉगिन करून शोधलेलं गूगलला कळतंच. जाहिरातवाल्यांना ब्राउझरच्या ठेवणीवरून माणूस ओळखता येतो, त्यासाठी मुल्वाडनं निनावी ब्राउझिंगसाठी काम करणाऱ्या टॉर प्रकल्पासोबत २०२३ मध्ये वेगळा ब्राउझर काढला. तो फुकट आहे, व्हीपीएन न घेताही चालतो, फक्त संगणकापुरता आहे. त्यांचं जाहिराती अडवणारं डीएनएसही खात्याशिवाय वापरता येतं. ज्यांना फक्त जाहिरातींचा वैताग आहे, त्यांनी तेवढंच घ्यावं आणि पाच युरो वाचवावेत.

सोडायचं असेल तर रद्द करण्याची भानगड नाही, वेळ संपला की सेवा संपली. फक्त विंडोजवर 'लॉकडाउन मोड' आणि फोनवर 'ब्लॉक कनेक्शन्स' चालू ठेवून महिना संपू दिला, तर त्या दिवशी घरातलं इंटरनेट गेल्यासारखं दिसतं. केबलवाल्याला फोन करण्याआधी ती दोन बटणं बघा.